यान उडत नाही, हाच तर विनोद!

...नाही, पण मला एक सांगा, विनोद समजावून सांगायचा असतो का? बरं, समजावून सांगितला, तर समोरच्यानं डोळ्यांत पाणी आणून 'बिचारे!' म्हणायचं असतं का? माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही, हे आधीच स्पष्ट करतो. मी स्वभावानं सावध माणूस आहे. अमेरिकेत, एका मोठ्या सरोवराकाठच्या डुलुथच्या विद्यापीठात लोहखनिजाच्या थरांवर प्रबंध लिहितोय, आणि आमच्या क्षेत्रातला माणूस आधी 'बहुधा' म्हणतो आणि मग 'सुप्रभात'. पण एका बाबतीत मी 'बहुधा' म्हणत नाही, कधी म्हटलं नाही, आणि म्हणणारही नव्हतो. यान उडत नाही! बस्स!

कुठलं यान? सांगतो ना! 'सुटण्याच्या तयारीत' नावाची एक इंग्रज मालिका आहे, विनोदी, आणि घडते अंतराळात. एकूण भाग सहा. हो, सहाच! इंग्लंडमध्ये सहा भाग झाले की लेखक कोट घालून घरी जातो, आमच्याकडे अमेरिकेत सहा भागांत पात्रांची नावंसुद्धा सांगून होत नाहीत. तर या सहा भागांत एक अंतराळयान आहे. ते पुठ्ठ्याचं आहे असं मी म्हणणार नाही, पण तिसऱ्या भागात त्याच्या पोटावर 'ही बाजू वर' असं छापलेलं स्वच्छ वाचता येतं, एवढीच नोंद करतो. यानात कॅप्टन ट्रबशॉ, त्याच्या हाताखाली मिस पॉट नावाची इंजिनीयर, आणि बाहेर गोदीवर, काचेच्या खिडकीमागं, ग्रिम्बल नावाचा कारकून. ग्रिम्बलच्या शिक्क्याशिवाय यान सुटायचं नाही. आणि ग्रिम्बल दर भागात खिडकीतून मान बाहेर काढून म्हणतो, "आज नाही, साहेब." का? तर कधी शाई वाळली, कधी शिक्का धुवायला टाकला, कधी जेवणाची सुट्टी... आणि ती सुट्टी एक अख्खा भाग चालते! कॅप्टन रोज टोपी घालतो, रोज उलटी मोजणी करतो, पाच, चार, तीन, दोन... "आज नाही, साहेब." कॅप्टन टोपी काढतो. चहा. संपला भाग. सहा वेळा! यान उडत नाही, हाच तर विनोद! इंग्लंडात म्हणे लोक हसून हसून खुर्चीवरून पडले. आणि आमच्याकडे? आमच्याकडे, तुम्हाला सांगतो, लोक हळहळले!

आमचं एक रसिक मंडळ आहे. लूथरन चर्चच्या तळघरात दर गुरुवारी भरतं, पातळ कॉफी आणि चॉकलेटच्या वड्या. अध्यक्ष डॉरीन. ती शाळेची बस चालवते आणि बस वेळेवर सुटलीच पाहिजे, हे तिचं जीवनविषयक तत्त्वज्ञान आहे, दुसरं नाही. ती म्हणायची, "वेंडल, सातव्या भागात सुटतं ते."

मी म्हणायचो, "डॉरीन, सातवा भाग नाहीच."

"लिहिला नाही म्हणून काय झालं? सुटतं तर खरं!"

"अगं, न सुटणं हाच त्यातला..."

"तुला काय कळतं रे? तू दगडांचा अभ्यास करतोस. दगड कुठे जातात?"

दगड जातात, पण त्याला लागणारा काळ तळघराच्या भाड्यात बसत नाही. आणि ती एकटी असती तर गोष्ट वेगळी. सगळं मंडळ तिच्या बाजूचं! कुणी म्हणे ग्रिम्बल म्हणजे नियती, कुणी म्हणे ग्रिम्बलला लहानपणी कुणी जवळ घेतलं नसणार. एकानं यान उडाल्यावर कुठकुठे जाईल त्याचा नकाशा काढला, रंगीत! मी एकटा कोपऱ्यात वडी खात... यान उडत नाही, यान उडत नाही...

आणि अशात लॉवेलचा फोन आला. लॉवेल म्हणजे आमच्या इथल्या सार्वजनिक टीव्ही केंद्राचा व्यवस्थापक; केंद्र चालतं प्रेक्षकांनी फोन करून दिलेल्या देणग्यांवर. गोड माणूस, पण वाईट बातमी सांगताना तो अधिकच गोड होतो, हे मी अनेकदा पाहिलंय. म्हणाला, "वेंडल, मित्रा, मार्चचा देणगी सप्ताह आलाय. तुमच्या यानाला गेल्या खेपेला फोनच आले नाहीत रे. या शनिवारी वाजले तर वाजले, नाहीतर ती वेळ मी गोधडीवाल्यांना देतो."

गोधडी! 'चला गोधडी शिवूया'! शनिवारी संध्याकाळी आमच्या लगेच नंतर लागतो तो कार्यक्रम. त्या बायकांना एवढे फोन येतात, एवढे फोन येतात की रिसीव्हर गरम होतो म्हणे. आणि आम्ही गेलो की त्यांना सलग दोन तास! म्हणजे माझ्या आयुष्यातला शनिवार गेला. तुम्ही हसाल, पण थंडीत आमच्याकडे दुपारी चारनंतर अंधार, बाहेर हाडं गोठतात, दिवसभर दगडांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, मार्गदर्शक म्हणणार "अजून पुरावा हवा"... अशात आठवड्यातून एकदा तासभर कुणीतरी माझ्यासारखंच अडकून पडलंय आणि त्यावर चहा पितंय, हे बघितलं की बरं वाटायचं हो! तेवढंच होतं माझ्याकडे. ते जाऊ द्यायचं नव्हतं.

मग डॉरीनला सुचलं, लेखकालाच बोलवू. इंग्लंडहून! पत्र गेलं, आणि नॉर्मन ऑकलीसाहेब आले! का आले? गाडीत त्यांनीच मला हळूच सांगितलं, "खरं म्हणजे मला बोलावण्यात तुमची काहीतरी चूक झाली असावी असं वाटलं. पण पत्रानं कळवणं जरा उद्धटपणाचं झालं असतं, म्हणून म्हटलं, प्रत्यक्ष जाऊन सांगावं." माणूस भिडेखातर समुद्र ओलांडून आला!

विमानतळावर काय प्रसंग! साहेब बारीकसे, हातात छत्री, बाहेर कमरेएवढा बर्फ. डॉरीन अंतराळवीराच्या चंदेरी पोशाखात. तो तिनं अन्न गुंडाळायच्या चंदेरी कागदाचा शिवलाय, चालली की कुरकुरते. ती धावत गेली, कुरकुर कुरकुर, आणि घातली मिठी! "नॉर्मन! नॉर्मन रे! तुझ्यामुळे माझा संसार टिकला!"

साहेब तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "माफ करा हं..."

माफी! संसार टिकवल्याबद्दल माफी! तळघरातही तेच. हॉटडिश म्हणून आमच्याकडचा मांस-भाज्यांचा भाजलेला पदार्थ मांडलेला, वर बटाट्याचे कुरकुरीत गोळे; सगळे त्यांच्याभोवती; एकजण म्हणतो, "नॉर्मन, तू थोर आहेस." हे म्हणतात, "छे छे, पावसाचे दिवस होते, दुसरं काही काम नव्हतं." दुसरा वही उघडून विचारतो, "ग्रिम्बल हे कशाचं प्रतीक?" हे म्हणतात, "प्रतीक कसलं? माझ्या बायकोचा भाऊ. नगरपालिकेत आहे." तो लिहून घेतो, 'बायकोचा भाऊ', आणि खाली दोन रेघा मारतो! आणि शेवटी डॉरीननं घसा साफ केला. मला माहीत होतं काय येणार ते. "नॉर्मन, खरं सांग. सुटतं ना?"

साहेबांनी बटाट्याचा गोळा तोंडात घातला, चावला, पुन्हा चावला, खिडकीकडे बघितलं... तळघराला खिडकी नाही! आणि म्हणाले, "हे फारच छान झालंय हो, काय म्हणतात याला?" टाळलं! पण मी ओळखलं. मी मनात म्हटलं, शनिवारी. शनिवारी कॅमेऱ्यासमोर हा माणूस बोलेल, आणि सगळं डुलुथ ऐकेल.

शनिवार आला. स्टुडिओत लांब टेबल, टेबलावर ओळीनं फोन, फोनमागं आम्ही सगळे मंडळवाले, चंदेरी कागदात, कुरकुरत. पलीकडे भिंतीशी गोधडीवाल्या बायका पुढच्या कार्यक्रमासाठी येऊन बसलेल्या, सुया चालू. सहावा भाग दाखवला, मध्ये थांबवला, दिवे लागले, आणि लॉवेल कॅमेऱ्याकडे बघून, "मित्रांनो! या अद्भुत मालिकेवर तुमचं प्रेम आहे ना? मग उचला फोन! आमचे स्वयंसेवक वाट बघताहेत!"

आम्ही वाट बघितली. फोन वाजेना. लॉवेल हसला. फोन वाजेना. लॉवेल अधिक हसला. मी माझा रिसीव्हर उचलून आत आवाज आहे का ते पाहिलं... आवाज आहे, फोन नाही! डॉरीन कुजबुजली, "काय झालं रे? लोक बघत नाहीत का?" आणि मी सवयीनं आकडेवारीचा विचार करायला लागलो. बघणारे किती? कोण? मंडळातला तो शाळामास्तर बघतो, तो पहिल्या फोनवर बसलाय. लायब्ररीतली दोघं बघतात, ती त्याच्या शेजारी. नकाशावाला बघतो, तो तिथे टोकाला... आणि मी मोजणं थांबवलं. तुम्हाला सांगतो, ही मालिका बघणारे जेवढे म्हणून लोक या शहरात होते, ते सगळेच्या सगळे फोन उचलायला येऊन बसले होते! मग फोन करणार कोण? एक माणूस, एकसुद्धा, आम्ही घरी ठेवला नव्हता!

डॉरीन उठली, कुरकुर कुरकुर बाहेर गेली, आणि दोन मिनिटांत माझा फोन वाजला. मी आनंदानं उचलला. "नमस्कार, मी... मी एक अनोळखी बाई बोलतेय..." मागं कागद कुरकुरतोय! मी म्हटलं, "डॉरीन, परत ये."

लॉवेलला घाम फुटला. त्यानं ऑकलीसाहेबांना हाताला धरून कॅमेऱ्यापुढं उभं केलं. "आणि मित्रांनो, खास इंग्लंडहून, खुद्द नॉर्मन! नॉर्मन, सांग बरं लोकांना, हा कार्यक्रम एवढा महान का आहे? त्यांनी आत्ताच्या आत्ता फोन का करावा?"

आता मला सांगा, इंग्रज माणसाला असं विचारतात का? स्वतःच्या कामाची स्वतः तारीफ करायची, आणि वर लोकांकडे उघड उघड मागायचं? साहेबांचा चेहरा असा झाला, जणू कुणी भर बाजारात त्यांना सदरा काढायला सांगितलाय. म्हणाले, "महान? नाही हो... तसं काही नाही. मी सहा भाग केले, मग वाहिनीनं कार्यक्रम बंद केला, योग्यच केलं. आणि खरं सांगायचं तर... लोकांना कशाला त्रास? थंडी आहे. फोन दुसऱ्या खोलीत असेल. उठायचं, चपला शोधायच्या... राहू द्या ना."

राहू द्या ना! देणगी सप्ताहात! लॉवेलनं डोळे मिटले. गोधडीवाल्या एकमेकींकडे बघायला लागल्या. आणि लॉवेल शेवटचा उपाय म्हणून जवळजवळ रडत म्हणाला, "बरं, एवढं तरी सांग! सगळ्यांना उत्सुकता आहे! यान उडतं का?"

झालं! आला क्षण! मी खुर्चीत ताठ बसलो. डॉरीननं दोन्ही हात छातीशी धरले. आणि साहेब, अतिशय नम्रपणे, म्हणाले, "नाही. यान उडत नाही. तोच जरासा... विनोद होता."

अहाहा! काय वाटलं म्हणून सांगू! तळघरातल्या सगळ्या गुरुवारांचं सार्थक! मी डॉरीनकडे विजयी मुद्रेनं वळणार, वळलो, आणि बघतो तर तिचा चेहरा... शाळेच्या दारात बस पोचली आणि पोरं नाहीतच, असा काहीतरी. भिंतीशी सुया थांबल्या. पण म्हटलं, असू दे, सत्य आहे ते. मी माझ्या सत्याबरोबर सात-आठ सेकंद एकटा, पण सुखात होतो.

आणि फोन वाजला. एक फोन. टेबलाच्या मधोमध. लॉवेलनं झडप घातली आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असं बटण दाबलं.

"हॅलो? मी हिल्मा नीमी, पार्क पॉइंटवरून बोलतेय. तो इंग्रज आहे का तिथे? मी बाई गोधडीसाठी टीव्ही लावून बसले होते. तुमचं ते यानाचं त्याच्या आधी लागतं, म्हणून बघते. दर शनिवारी बघते. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही, त्याबद्दल राग मानू नका हं."

"छे छे, मुळीच नाही," साहेब म्हणाले. "अगदी बरोबर आहे तुमचं."

"माझे यजमान खनिजाच्या बोटीवर होते. आता नाहीत ते. पण मी खिडकीत बसते. या दिवसांत बंदरातला बर्फ फुटतो, भोंगा होतो, बोटीला वाट द्यायला पूल वर जातो, पहिली बोट बाहेर पडते. इतकी वर्षं बघतेय, एखादी बोट उशिरा सुटते. सुटतच नाही अशी मी पाहिली नाही. ती पोरं रोज तयार होऊन बसतात हो! त्यांची कुणीतरी घरी वाट बघत असेल की. तर तुम्ही लिहिलंय म्हणता, तर तुम्हालाच ठाऊक असणार. कधी सुटणार ते?"

मी मान हलवायला लागलो. नाही. साहेब, नाही! ओठांनी म्हणालो, 'यान-उडत-नाही!' साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे बघितलं. कॅमेऱ्यासमोर 'नाही' म्हणणं त्यांना एकदा जमलं होतं. एका म्हातारीला, ती नाव सांगून विचारत असताना... माणूस इंग्रज होता हो, राक्षस नव्हता!

"मंगळवारी," ते म्हणाले.

"मंगळवारी?"

"हो, बाई. मंगळवारी सुटेल."

"हवा बरी असेल ना?"

"हवा... हवा चांगली असेल."

"बरं झालं बाई," हिल्माबाई म्हणाल्या, आणि त्यांचा श्वास सुटलेला अख्ख्या स्टुडिओला ऐकू आला. "मग माझं नाव लिहा देणगीत."

आणि तुम्हाला सांगतो, सगळे फोन एकदम वाजले! सगळे! म्हणजे काय झालं होतं, कळलं ना? आमचे प्रेक्षक स्टुडिओत होते, पण गोधडीचे प्रेक्षक आपापल्या घरी, सुईत दोरा ओवून, आधीपासून टीव्ही लावून बसले होते! शेकड्यांनी! आणि त्या सगळ्यांना ते यान सुटायला हवं होतं! मी उचलतोय, ठेवतोय, उचलतोय... "वर गार असेल, त्या कॅप्टनला स्वेटर आहे का?" "आहे, बाई." "त्या मुलीचं लग्न झालंय का, इंजिनीयर आहे ती?" "कल्पना नाही, बाई." "मी तिघांना तीन गोधड्या शिवते, कुठे पाठवू?" डॉरीन रडतेय आणि फोन घेतेय, "हो हो, मंगळवारी! मी म्हणतच होते! मी म्हणतच होते!" लॉवेल नाचतोय. भिंतीशी गोधडीवाल्या टाळ्या वाजवतायत. स्वतःचा दुसरा तास गेला त्यांचा, तरी टाळ्या! आणि त्या सगळ्या आनंदसोहळ्यात एकटा मी, दगडासारखा.

दुसऱ्या दिवशी साहेबांना विमानतळावर सोडायला मीच गेलो. त्यांच्या मांडीवर घडी केलेली गोधडी, कुणीतरी रातोरात पुरी करून दिलेली. मी विमानतळाचा रस्ता धरला. मग विचारलंच, "साहेब, आपल्या दोघांत ठेवतो. उडतं का?"

"अर्थात नाही, वेंडल. उडालं तर विनोद कुठला राहिला?"

"मग काल?"

त्यांनी गोधडीच्या कडेवरून बोट फिरवलं. "आमच्याकडे लोक हसले, आणि दुसऱ्या दिवशी विसरले. कॅप्टन कसा आहे, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं हो." मग म्हणाले, "तुम्ही सांगितलं असतं का तिला?"

मी उत्तर दिलं नाही. पुरावा अपुरा होता.

तर मालिका वाचली! शनिवार वाचला! पण वाचला म्हणजे काय, ऐका. भाग सहाच आहेत. पुढच्या शनिवारी पुन्हा पहिल्यापासून! यान गोदीत! आणि फोन सुरू. "अहो, मंगळवार झाला की! अजून इथेच कसे?" लॉवेल मला म्हणाला, "वेंडल, मित्रा, यांना कुणीतरी नीट, व्यवस्थित उत्तरं द्यायला हवीत, नाहीतर देणग्या मागे घेतील. तुझ्याइतका काटेकोर माणूस नाही दुसरा." मी पहिल्या बाईंना खरं तेच सांगायला घेतलं. "बाई, मूळ मालिकेचा काटेकोर विचार करता..." तिकडून हुंदका ऐकू आला हो! काचेपलीकडून लॉवेलनं हात जोडले. कार्यक्रम ठेवायचा की खरं बोलायचं, दोन्ही जमत नाही, हे मला तेव्हा समजलं. म्हटलं, "...म्हणजे पुढच्या मंगळवारी, बाई. या नव्हे, पुढच्या."

तेव्हापासून दर शनिवारी मी त्या फोनवर बसतो. मालिका बघायला मिळत नाही. फोनमुळे वेळच कुठे आहे! परवा हिल्माबाईंचा आला.

"वेंडल का रे? मंगळवारी सकाळी निघतील की संध्याकाळी?"

"सकाळी, बाई. न्याहारी करून."

"लांबचा प्रवास आहे. डबा दिलाय ना बरोबर?"

"दिलाय, बाई."

"काय आहे डब्यात?"

आता मी स्वभावानं सावध माणूस. खात्री नसताना तोंडाला येईल ते कसं सांगणार? म्हटलं, "बाई, विचारून कळवतो."